अकरावीच्या मुलांना ध्वनिकथा शिकवायची आहे: चार फोन, पत्र्याची खोली, सहा शनिवार

माणगंगाकाठ

नमस्कार मंडळी. कनिष्ठ महाविद्यालयातल्या 14 मुलामुलींना आवाजातून गोष्ट सांगायला शिकवायचं आहे. हातात सहा शनिवार आहेत, प्रत्येकी दोन तास. चार अँड्रॉइड फोन, ऑडॅसिटी (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) टाकलेला एक लॅपटॉप, आणि खर्चाला 6,000 रुपये. खोलीवर पत्रा, खाली फरशी. टाळी वाजवली की घुमते. चार गट करून प्रत्येक गटाची चार मिनिटांची एक ध्वनिकथा व्हावी असा बेत आहे. विषय गावातलेच: पिठाची गिरणी, शेळ्यांचा बाजार, लोहाराचं दुकान, एसटी स्टँड. बऱ्यापैकी जमलं तर म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनी या सामुदायिक रेडिओला (90.4 एफएम) ऐकवून बघू.

विचारते ते असं: संहिता आधी लिहून घ्यावी की आधी रेकॉर्डिंग करावं? त्या घुमणाऱ्या खोलीचं काय करायचं? पैसे कशावर घालावेत? मुलं घरी माणदेशी बोलतात, तर निवेदन प्रमाण मराठीत करून घ्यावं का?

कानोसा

ताई, आधी रेकॉर्डिंग. संहिता आधी लिहायला सांगितली की मुलं निबंध लिहितात आणि मग त्या निबंधाला शोभतील असे आवाज शोधत हिंडतात. पक्ष्यांचा किलबिलाट, देवळातली घंटा, असलं काहीतरी ठरलेलं घेऊन येतात. कान आधी गेला तर गिरणीतल्या बाई डबा जमिनीवर आपटून पीठ बसवतात तो आवाज सापडतो. गोष्ट तिथून सुरू करता येते.

पहिल्या शनिवारी फोन कपाटात ठेवा. मुलांना आवारात बसवून तीन मिनिटं डोळे मिटायला सांगा. नंतर कागदाच्या मधोमध स्वतःची खूण करून जवळचे आवाज जवळ आणि लांबचे कडेला मांडायचे. अट एकच, वस्तूचं नाव लिहायचं नाही. "मोटार" चालणार नाही. "खालच्या पट्टीत घरघर, मध्येच अडखळते, मग चढते" असं लिहायचं. या अर्ध्या तासात मुलांना कळतं की आवाजालाही आकार असतो, सुरुवात आणि शेवट असतो. पुढे संपादन शिकवताना याचा फार उपयोग होतो, म्हणून हा तास घाईत उरकू नका.

दुसऱ्या शनिवारी एकच आवाज तीन अंतरांवरून घ्यायला सांगा: एका वितीवरून, चार पावलांवरून, दाराबाहेरून. प्रत्येक रेकॉर्डिंग किमान 40 सेकंद, आणि सुरुवातीचे व शेवटचे पाच सेकंद कुणी हलायचं नाही की बोलायचं नाही. मुलं नेहमी आठ सेकंदांत बटण दाबून मोकळी होतात. मग संपादनात फेड करायला (आवाज हळूहळू चढवायला किंवा उतरवायला) जागाच उरत नाही.

आता गिरणीचंच उदाहरण घेऊ, कारण तिथे सगळ्यांचा पाय घसरतो. गिरणी चालू असताना मालकाची मुलाखत घेऊ नका. आवाज खरा वाटेल म्हणून तसं करावंसं वाटतं. पण त्यातलं एक वाक्य कापून दुसऱ्याला जोडलं की मागची घरघर त्या जागी उडी मारते. पट्टा, दगड, धान्याचा भार यामुळे तो आवाज सेकंदासेकंदाला बदलत असतो. प्रत्येक जोड उघडा पडतो. शिवाय मालक ओरडून बोलतो. ओरडून बोलणारा माणूस आठवणी सांगत नाही, फक्त माहिती देतो.

म्हणून दोन वेगळी रेकॉर्डिंग करा. मुलाखत गिरणी बंद असताना घ्या. भारनियमनाची वेळ यासाठी सोन्यासारखी: गिरणी गप्प, पंखे गप्प, शेजारचा टीव्हीही गप्प. गिरणीचे आवाज दुसऱ्या फेरीत तुकड्यातुकड्यांनी घ्या: खटका दाबल्यावर मोटार वेग घेते ते, वरच्या पेटीत ज्वारी ओतल्याचा आवाज, रिकामे दगड आणि धान्य पडल्यावरचे दगड (हा फरक ऐकण्यासारखा असतो), पीठ डब्यात पडतं ते, डबा आपटणं, वजनकाट्यावर डबा ठेवणं, आणि शेवटी गिरणी बंद होताना उतरत जाणारा सूर. यातला प्रत्येक आवाज एक मिनिट हवा, फक्त सुरू होणं आणि बंद होणं अखंड घ्या. मग निवेदनाखाली गिरणी ठेवायची ती निवेदनाच्या आवाजापेक्षा 15 ते 20 डेसिबल खाली. त्याहून वर ठेवली तर फोनच्या छोट्या स्पीकरवर शब्द बुडतात.

आणखी एक. मुलाखतीच्या जागी, माणूस उठून जाण्यापूर्वी, सगळ्यांनी गप्प बसून त्या खोलीची नुसती शांतता 40 सेकंद रेकॉर्ड करायची. दोन वाक्यांमध्ये श्वासाएवढी जागा हवी असते तेव्हा तिथे हीच शांतता भरायची. तिथे कोरी जागा ठेवली की आवाज बंद पडल्यासारखा वाटतो.

सोल्डरगन

खोली आणि पैशांबद्दल.

आधी अंतर समजून घ्या. तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने पडतो. खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. म्हणजे एका वितीवरून दोन वितींवर गेलात की खोली आपोआप दुप्पट "मोठी" ऐकू येते. महाग माईक दोन हात लांब ठेवण्यापेक्षा साधा फोन वितीवर धरलेला बरा.

फोनचा मुख्य माईक खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. मुलं पडदा तोंडासमोर धरतात आणि तळव्याने नेमका माईक झाकतात. खालची कड तोंडाकडे, पण अगदी समोर नको. गालाच्या बाजूने, 45 अंशांवर. मराठीत फ, भ, प, ख यांना हवेचा झोत जोरात सुटतो. तो समोरून माईकवर आदळला की धप्प असा आवाज बसतो, आणि तो नंतर नीट निघत नाही. बोटं घट्ट आवळू नका, सरकवू नका. फोन विमान मोडमध्ये टाका, नाहीतर मधेच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटेल.

ॲप असं निवडा ज्यात डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल आणि 48 किलोहर्ट्झ मिळतं, पातळीचा काटा दिसतो आणि आपोआप आवाज वाढवण्याची सोय बंद करता येते. ती चालू राहिली तर माणूस थांबला की फोन मागचा गोंगाट वर ओढतो, बोलू लागला की खाली ढकलतो. श्वास घेतल्यासारखा चढउतार कायमचा बसतो. 16 बिट मोनो (एकाच चॅनेलच्या) फाइलला मिनिटाला सुमारे 5.8 एमबी लागतात, तासाला 345 एमबी. आधी फोन रिकामे करून घ्या. बोलण्याचे उंच टोक उणे 12 डेसिबलच्या आसपास असावेत. शून्याला टेकलं की लाटेचे शेंडे छाटले जातात, आणि ते परत आणता येत नाहीत.

खोलीसाठी गोधड्या आणा. लोक गोधडी माईकच्या मागे टांगतात. खरी गरज बोलणाऱ्याच्या पाठीमागे असते, कारण माईक त्या दिशेला पाहत असतो आणि तिथल्या भिंतीवरून परतलेला आवाज सरळ त्यात शिरतो. कोपऱ्यात दोरी बांधून पाठीमागे एक आणि एका बाजूला एक टांगा, टेबलावर तिसरी अंथरा. भिंतीला चिकटवू नका, वीतभर पुढे टांगा. मग टाळी वाजवून फरक ऐका. दुपारी पत्रा तापून टिकटिक करतो, तेव्हा निवेदन सकाळी लवकर घ्या. हेही नको असेल तर काचा बंद केलेली उभी जीप हा उत्तम स्टुडिओ आहे: गाद्या आवाज शोषतात आणि तिरक्या काचांमुळे घुमारा साठत नाही.

6,000 रुपयांतले निम्मे हेडफोनवर घाला. कान पूर्ण झाकणारे, वायरचे, प्रत्येक गटाला एक. ब्लूटूथ नको, आवाज उशिरा पोहोचतो आणि संपादनात कापण्याची जागा चुकते. उरलेल्यातून दोन वायरचे क्लिप माईक (कपड्याला चिमट्याने लावायचे). घेताना पिन बघा: फोनला लागणाऱ्या पिनवर तीन काळ्या कड्या असतात, कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. दोन कड्यांची पिन फोनला लावली तर फोन गुपचूप स्वतःचाच माईक वापरतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. तपासायला क्लिप माईकवर नखाने हलकेच खरवडा. हेडफोनमध्ये किंवा काट्यावर ते दिसलं पाहिजे. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सी जोडणी लागेल, पण काही जोडण्या फक्त आवाज बाहेर देतात, आत घेत नाहीत. दुकानातच तपासून घ्या.

माळावरच्या वाऱ्याला पातळ स्पंज पुरत नाही. वारा अडवण्यासाठी माईकभोवती थांबलेल्या हवेची पोकळी लागते. चहाच्या दोन गाळण्या समोरासमोर बांधून आत क्लिप माईक, बाहेरून लांब केसांचं खेळण्याचं कापड. माईक जाळीला टेकू देऊ नका.

श्राव्यलेखणी

निवेदनाच्या भाषेबद्दल मला ठाम सांगायचं आहे: माणदेशी राहू द्या. मुलगी "आनि", "पानी" म्हणत असेल तर ती चूक नाही, तो तिचा आवाज आहे. उच्चार सुधारायला लावले की तिचं सगळं लक्ष जिभेवर जातं आणि वाक्याचा अर्थ सुटतो. ऐकणारे त्याच तालुक्यातले आहेत. मुलाखत देणाऱ्याची भाषा तर कुणीच बदलायची नाही, निवेदनात त्याचं बोलणं "शुद्ध" करून पुन्हा सांगायचंही नाही.

सुधारायची ती लिहिण्याची सवय. मुलं आधी असं लिहितात: "गावातील पिठाच्या गिरण्यांची संख्या घटण्यामागे पॅकबंद पिठाचा वाढता वापर कारणीभूत असल्याचे सांगण्यात येते." हे डोळ्यांना चालतं, कानाला नाही. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. क्रियापद येईपर्यंत वाक्याचं डोकं तो विसरलेला असतो. त्याऐवजी: "या गल्लीत तीन गिरण्या होत्या. आता ही एकच. बाकीचे पिठाची पिशवी आणतात." एका वाक्यात एक गोष्ट. आणि "त्यांनी", "तिथे" ही सर्वनामं कमी. नाव पुन्हा घ्या. छापील मजकुरात पुनरुक्ती खटकते, कानाला ती आधार देते.

आकडे कानाला पेलतील असे करा. 2,347 असेल तर "जवळजवळ साडेतेवीसशे". पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्याकडे आहेत, ते वापरा. दशांश चिन्ह तोंडी सांगू नका.

संहितेत च, ज, झ यांवर खूण करायला शिकवा. "जगणं" मधला ज आणि "साऱ्या जगात" मधला ज वेगळे आहेत. "चारा" आणि "चार" तसेच. वाचताना मूल अडखळतं ते इथेच, अवघड जोडाक्षरांवर नव्हे. कागद एका बाजूलाच छापलेले, पिन न मारलेले, मोठ्या अक्षरात. वाक्य पानावरून पानावर जाऊ देऊ नका. पान उलटायचं नाही, बाजूला सरकवायचं.

चार मिनिटांत निवेदन दीड मिनिटाच्या वर गेलं तर ती बातमी झाली. मराठी शब्दांना प्रत्यय चिकटून ते लांब होतात, म्हणून इंग्रजी पुस्तकांतला मिनिटाला 150 शब्दांचा हिशेब इथे लावू नका. 100 ते 110 धरा आणि घड्याळ लावून वाचून पाहा. म्हणजे निवेदन फार तर 160 शब्दांचं. आवाजातून जे कळतं ते निवेदनात नको. गिरणी सुरू झाल्याचं ऐकू येतंय, तर "गिरणी सुरू झाली" हे वाक्य खोडा.

मुलाखतीत प्रश्न "का" आणि "कसं" ने सुरू करा. "तुम्हाला हे काम आवडतं का?" याचं उत्तर "हो" एवढंच येतं. "सकाळी दार उघडल्यापासून पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत काय काय करता?" याचं उत्तर म्हणजे एक प्रसंग. ऐकताना "हं, हो का" तोंडाने म्हणायचं नाही, मान हलवायची. उत्तर संपलं की मनात चार आकडे मोजून थांबायचं. बहुतेकदा चांगलं वाक्य त्या चार आकड्यांनंतर येतं. पातळी तपासायला "हॅलो, वन टू थ्री" नको, "सकाळी काय खाल्लंत?" विचारा, म्हणजे माणूस त्याच्या नेहमीच्या आवाजात बोलतो.

नभोनाट्यवेडा

कानोसा, एका बाबतीत वेगळं मत. वास्तवातल्या माणसांची कथा असेल तर रेकॉर्डिंग आधी, हे बरोबर. पण एखाद्या गटाला श्रुतिका (फक्त ऐकायचं नाटक) करायची असेल तर संहिता आधीच लागते. एखादा गट तसा निघतोच, विशेषतः लोहाराचं दुकान बंद पडलेलं असेल तर. त्यांना अडवू नका.

श्रुतिकेत जागा दाखवायची ती माईकपासूनच्या अंतराने. संहितेत प्रत्येक संवादापुढे "माईकवर", "दोन पावलं मागे", "दारातून येत" असं लिहा. लांबचं पात्र म्हणजे हळू बोलणारं पात्र नव्हे. नटाने खरंच मागे जाऊन, थोडं वळून, नेहमीच्या जोराने बोलायचं. एका प्रसंगात तीनपेक्षा जास्त आवाज नकोत, आणि दोन मुलींचे आवाज सारखे असतील तर त्यांना समोरासमोर भूमिका देऊ नका. बोलणाऱ्याने समोरच्याचं नाव पहिल्या दोन वाक्यांत घ्यावं.

ध्वनिप्रभावांत खरा आवाज नेहमी खरा वाटेलच असं नाही. पत्र्यावरचा पाऊस रेकॉर्ड केला की भजी तळल्यासारखा ऐकू येतो. पागोळ्यांचे थेंब बादलीत पडताना घ्या, पाऊस लगेच ओळखू येतो. विजेसाठी मोठा पातळ पत्रा टांगून हलवा. विस्तवासाठी बिस्किटपुड्याचा कागद माईकजवळ हळूहळू चुरगाळा. शेतातून चालण्यासाठी खोक्यात कडबा पसरून त्यात पावलं टाका. भाता आणि ऐरण मात्र खऱ्याच घ्या. ऐरणीचा ठोका फार तीक्ष्ण असतो. फोन चार पावलं लांब ठेवा आणि पातळी आणखी खाली आणा.

माणगंगाकाठ

खूप आभार सगळ्यांचे. गोधडी पाठीमागे टांगायची, हे उलटंच करणार होते. अजून दोन शंका. लॅपटॉप एकच आहे, मग चार गटांचं संपादन कसं व्हायचं? आणि परवानगी, गाणी, रेडिओ केंद्राचे नियम यांत काय सांभाळायचं?

कानोसा

संपादन कागदावर करा, लॅपटॉप शेवटी. गटाने आपलं रेकॉर्डिंग फोनवर ऐकून तक्ता करायचा: मिनिट-सेकंद, कोण बोलतंय, वाक्याचे पहिले तीन आणि शेवटचे तीन शब्द, आणि चांगलं असेल तर खूण. यासाठी कच्चं रेकॉर्डिंग गटाला एकूण 30 मिनिटांच्या आत बांधून द्या. दोन तास रेकॉर्ड करून आणलेला गट ते कधीच पूर्ण ऐकत नाही. खुणा केलेली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवायची, निवेदन आणि आवाज वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्यांवर, आणि जमिनीवर मांडून क्रम लावायचा. मांडणी मोठ्याने वाचून चार मिनिटांत बसली की मगच लॅपटॉप. अशी तयारी असेल तर एका गटाला तासभर पुरतो. पाचव्या शनिवारी दोन गट, उरलेले दोन आठवड्यात एखाद्या दुपारी.

जोड देताना वाक्याचा सूर ऐका. मराठी वाक्य "आहे", "होतं" वर खाली उतरतं. मधेच कापलं की सूर वर लटकत राहतो आणि काटछाट कळते. पुढच्या वाक्याआधीचा श्वास ठेवा. श्वासाच्या मधोमध कापू नका. शब्द क, ट, प ने सुरू होत असेल तर त्याआधी बारीकशी शांतता असते, तिथे कापणं सोपं. स, श जवळ टाळा. प्रत्येक जोडावर 10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (पहिला आवाज उतरताना दुसरा चढतो तो) द्या, म्हणजे टिक्क होत नाही.

सोल्डरगन

ऑडॅसिटीत क्रम असा: 80 हर्ट्झखालचा अगदी खालच्या पट्टीतला आवाज कापा, मग गरज असेल तरच गोंगाट कमी करा, तेही 6 ते 9 डेसिबल. जास्त केलंत तर आवाज पाण्यातून आल्यासारखा बुडबुडतो. त्यानंतर मांडणी, आणि अगदी शेवटी लाऊडनेस, म्हणजे एकूण आवाज कानाला किती मोठा वाटतो ते. फोनवर ऐकवायला उणे 16 एलयूएफएस (लाऊडनेसचं माप), टोक उणे 1 डेसिबलच्या खाली. फाइल मोनो असेल आणि मोनोला दुहेरी मोनो धरण्याची खूण चालू असेल तर 16च लिहा. ती बंद असेल तर 19. केंद्राला द्यायच्या प्रतीसाठी त्यांनाच विचारा. एफएमवर वरच्या फ्रिक्वेन्सी मुद्दाम उचलून पाठवतात, त्यामुळे स, श, च टोचू शकतात. निवेदनात ते आधीच टोचत असतील तर 6 ते 8 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करा.

प्रकल्पाची फाइल पेनड्राइव्हवरून थेट उघडू नका. लॅपटॉपवर काम करा, बंद केल्यावर प्रत काढा. फोनवरून फाइल व्हॉट्सॲपने पाठवायची झाली तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, व्हॉइस मेसेज करून नव्हे.

श्राव्यलेखणी

परवानगी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच घ्या, त्याच फाइलमध्ये: नाव, आजची तारीख, हे कुठे ऐकवलं जाणार, आणि नको वाटलं तर कधीपर्यंत सांगता येईल. 18 वर्षांखालील कुणी बोलत असेल तर पालकांची लेखी परवानगी, तुमच्या विद्यार्थ्यांचीही. गावात नाव बदलून काही झाकत नाही, आवाजावरून माणूस ओळखू येतो. म्हणून पैशांचे वाद, घरातलं भांडण, आजारपण असं काही आलं तर त्या माणसाला तयार तुकडा ऐकवून पुन्हा विचारा.

चित्रपटगीतं वापरू नका. ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर 60 वर्षं हक्क असतो, आणि गीत-संगीताचा हक्क त्याहून वेगळा. पारंपरिक ओवी कुणाच्या मालकीची नसते, पण ती म्हणणाऱ्या बाईचा सादरीकरणावर हक्क असतो. तिचं नाव आणि संमती दोन्ही घ्या. ऐकवण्यासाठी उत्तम साठा हवा असेल तर हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत. दुसऱ्या शनिवारी दोन ऐकवा आणि जात्याची फेरी ओवीची लय कशी धरून ठेवते ते मुलांना बोटांनी मोजायला लावा.

सामुदायिक रेडिओला स्वतः बनवलेल्या बातम्या आणि चालू घडामोडी देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा देता येतात. त्यामुळे "पाणीपुरवठा योजना रखडली" हा विषय अडेल, "टँकर येतो त्या दिवशीची आमची सकाळ" हा बहुधा चालेल. निम्मा कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावा अशी धोरणात अट आहे, म्हणून तुमच्या मुलांचं काम त्यांना नकोसं होणार नाही. जाताना चार मिनिटांची फाइल, दोन ओळींची ओळख, बोलणाऱ्यांची नावं आणि संमतीची मूळ फाइल सोबत न्या.